हॉट एअर गन: घेतली कार्बोरेटर उतरवायला, गुण पाचातले साडेतीन

भिंतीचा रंग खरवडायला लोक ही गन घेतात. मी घेतली, कारण माझ्या जुन्या चार सिलिंडरच्या मोटरसायकलचे कार्बोरेटर (इंजिनसाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग) दोन रविवार जागचे हलले नव्हते. चारही एकाच पट्टीला जखडलेले, पुढे इंजिनच्या हेडकडे चार रबरं (जोडणाऱ्या जाड रबरी नळ्या), मागे एअर फिल्टरच्या डब्याची चार. तीसेक वर्षांत त्या रबरांचं लाकूड झालेलं. क्लॅम्प ढिले केले, डब्याचे बोल्ट काढून तो जेमतेम बोटभर मागे सरकवला, फ्रेमला पाय लावून ओढलं. कंबर तेवढी धरली.

गन १८०० वॅटची. दोन पायऱ्या, ३५० आणि ५५० अंश. दुसरी या कामात विसरून जा. पहिलीसुद्धा जपूनच, कारण पेट्रोलची वाफ तीनशेच्या आतही ठिणगीशिवाय पेट घेऊ शकते. हे मला ठाऊक होतं. तरी पहिल्या दिवशी टाकी काढली, बाजूला ठेवली आणि खुशाल गन चालू केली! फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरखालच्या वाटीत, पेट्रोल आहे हे डोक्यातच नाही. वास आला तसं बटण बंद केलं आणि बराच वेळ पायरीवर नुसता बसून राहिलो. मग चारही ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल डब्यात काढलं, डबा आणि टाकी घराच्या पार पलीकडे नेऊन ठेवली, गाडी रात्रभर मोकळ्या हवेत राहू दिली. माहितीपुस्तिकेत या सगळ्यासाठी एकच ओळ आहे, तीही शेवटून दुसऱ्या पानावर.

दुसऱ्या दिवशी मात्र गनने काम दाखवलं. सोबत चार तोंडं येतात, त्यातलं अर्धगोल तोंड जणू याच कामासाठी केलंय: रबराला कवेत घेतं, गरम हवा मागच्या बाजूलाही पोचते. वीतभर अंतर ठेवायचं आणि हात सतत हलता. एका जागी थांबलात तर रबर वरून करपतं, आतून कडकच राहतं. मी जवळची व्हॅक्यूमची एक बारकी नळी अशीच वितळवली. दर रबराला दीड-दोन मिनिटं लागली. हातमोजा घालून दाबलं की किंचित दबायला हवं. तेव्हा कार्बोरेटर वर-खाली डोलवायचे. जोर लागलाच तर खराट्याचा दांडा मधल्या जाड अंगाखाली घालून. फ्लोट चेंबरवर किंवा दोन कार्बोरेटरच्या सांध्यावर तरफ लावायची नाही, तिथला धातू ठिसूळ असतो आणि मधल्या पेट्रोलच्या नळ्यांच्या ओ-रिंगाही (रबरी कड्या) गळायला लागतात. डावीकडचं रबर आधी सुटलं, बाटलीचं बूच निघावं तशा आवाजात, मग बाकीची तीन पाठोपाठ.

एका गोष्टीत गन काही कामाची नाही. क्लॅम्पच्या दोन स्क्रूंची डोकी मी आधीच गोल करून ठेवली होती. जपानी गाड्यांचा अधिकाचा खाचा फिलिप्ससारखा दिसतो, पण तो जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचा; साधा स्क्रू ड्रायव्हर त्यात पुरता बसत नाही आणि जोर लावला की बाहेर उसळतो. जेआयएसचा ड्रायव्हर आधी घ्या, गन नंतर.

तक्रारी. वायर इतकी आखूड की गाडीच्या दुसऱ्या बाजूला जाताना दर वेळी प्लग काढायचा. थंड हवेची सोय नाही, त्यामुळे बंद केल्यावरही तोंड बराच वेळ तापलेलं राहतं; शर्टाची बाही साक्षीला आहे. मागे उभी ठेवता येते, ते बरं.

आणि खरं सांगायचं तर मागच्या चार रबरांना मी गन लावलीच नाही. उकळत्या पाण्यात पिळलेले जाड पंचे गुंडाळले, तीनदा बदलले, तेवढ्यावर ती सुटली. वेळ जास्त गेला, पण जिवाला घोर नव्हता.

गरम केलेलं रबर थंड झालं की पुन्हा कडक होतं, हेही लक्षात असू द्या. काढल्यावर हेडकडच्या दोन रबरांना आतून चिरा दिसल्या. अशा चिरांतून हवा आत जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि गाडी आयडलला, म्हणजे उभ्या जागी चालू असताना, अस्थिर होते. माझी होतच होती, मी उगाच जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक भोकं) साफ करत बसलो होतो. चारही नवी आणली, साबणाचं पाणी लावलं आणि कार्बोरेटर हातानेच जागेवर बसले. गन तेव्हा खोक्यात होती.