ट्रेलरची लिथियम बॅटरी : अकरा महिन्यांनंतर

मागच्या मार्चमध्ये आमच्या कॅम्पिंगच्या ट्रेलरच्या (गाडीमागे ओढायचं छोटं घरच) पुढच्या दांड्यावरचा बॅटरीचा डबा उघडला, तर आतली लेड-ॲसिड बॅटरी दोन्ही बाजूंनी फुगलेली. एका कोपऱ्याला तडा, खाली ॲसिड झिरपून दांड्याचा रंग गेलेला. आम्ही मिनेसोटात राहतो. जानेवारीत पारा उणे २५ च्या खाली जातो, त्यामुळे मी थंडीच्या नावाने खडे फोडून मोकळा झालो. पण पूर्ण भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे ६० च्या आसपास गोठतं. बॅटरी उतरली की त्यात जवळपास पाणीच उरतं आणि ते उणे सात-आठलाही गोठतं. म्हणजे आमची बॅटरी आधी रिकामी झाली, मग गोठली. (अशी बॅटरी चार्जरला लावून बघू नका, फुटू शकते.)

ट्रेलर घेताना विक्रेत्याने सांगितलं होतं, "डिस्कनेक्ट स्विच बंद केला की झालं." तो मी ऑक्टोबरअखेर बंद केलाच होता. नवी बॅटरी आल्यावर मल्टिमीटर लावला, तेव्हा स्विच बंद असतानाही ९० मिलिअँपिअर जात होते. आमच्या ट्रेलरमध्ये गॅस डिटेक्टर त्या स्विचच्या आधीच थेट बॅटरीला जोडलेला आहे. दिवसाला दोन अँपिअर-तासांहून थोडं जास्त. ऐकायला काहीच नाही, पण ८५ अँपिअर-तासांची बॅटरी त्यात चाळीस दिवसांत संपते.

मे महिन्यात १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. वजन साधारण ११ किलो, जुनी उचलताना कंबर धरायची. ट्रेलरमधला कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवर बॅटरी भरणारं यंत्र) १३.६ व्होल्टच देत होता आणि हिला भरायला १४.४ लागतात, म्हणून तोही बदलला. हा खर्च बॅटरीच्या किमतीत कुणी धरत नाही, तुम्ही धरा. उन्हाळ्यात तक्रारीला जागा नव्हती. पंप, दिवे, छतावरचा पंखा, सगळं तीन रात्री आरामात चाललं.

ऑक्टोबरात लेक सुपीरियरच्या काठी गूजबेरी फॉल्सला गेलो. जागेवर विजेची जोडणी नव्हती. रात्री पारा उणे ४, फर्नेसचा, म्हणजे गॅसवरच्या हीटरचा, पंखा रात्रभर चालू. सकाळी लख्ख ऊन, सोलर पॅनल त्याच्याकडे तोंड करून, आणि चार्जिंग शून्य! मी तासभर वायरी हलवत बसलो. बायकोने मोबाइलवर बॅटरीचं ॲप उघडून दाखवलं : आतलं तापमान उणे १. शून्याखाली चार्ज केलं तर लिथियम पेशींच्या आत धातू होऊन साचतं आणि बॅटरी कायमची बिघडते, म्हणून आतली नियंत्रण यंत्रणा चार्जिंग रोखून धरते. वीज द्यायला मात्र तिला एवढ्या थंडीत अडचण नसते. अकराच्या सुमारास आपोआप सुरू झालं. ती बिघडली नव्हती, शहाणी होती. मीच नव्हतो.

नोव्हेंबरात ट्रेलर जागेवर लावल्यावरच बॅटरी काढली. आधी काढून ट्रेलर ओढू नका, कारण तो गाडीपासून सुटला तर पिन निघून आपोआप लागणारे ब्रेक याच बॅटरीवर चालतात. आधी निगेटिव्ह वायर, मग पॉझिटिव्ह. टर्मिनलांवर रबरी टोप्या घातल्या, ६० टक्क्यांवर ठेवून तळघरातल्या लाकडी फळीवर ठेवली. पूर्ण भरून ठेवायची सवय लेड-ॲसिडची, हिला ती मानवत नाही.

"मोबाइलसारखी पेटली तर?" बायकोचा प्रश्न रास्त होता. या रसायनाची बॅटरी मोबाइलच्या बॅटरीपेक्षा बरीच स्थिर असते, पण म्हणून निष्काळजी व्हायचं नाही. तळघरात चार्जर नाही आणि शेजारी रंगाचे डबेही नाहीत. तेव्हा सांगलीहून आलेली आई म्हणाली, "आपल्याकडे इन्व्हर्टरची बॅटरी सोफ्याशेजारी असते की." तिला त्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो हे सांगितलं, तर संध्याकाळी फोनवर बाबांना खिडकी उघडी ठेवायला सांगून झालं.

एप्रिलमध्ये ॲपने ५३ टक्के दाखवले. पाच महिन्यांत सात टक्के. व्होल्टमीटरवर भरवसा ठेवू नका : नोव्हेंबरातही १३.२, एप्रिलमध्येही १३.२. या बॅटरीचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात फारसा हलतच नाही, त्यामुळे आत-बाहेर गेलेली वीज मोजणारा शंट हवाच.

उणं म्हणावं तर एक : उचलायचा पट्टा पातळ आहे, जिना उतरताना हातात रुततो. आतून गरम होणारं महागडं मॉडेल मी घेतलं नाही. वर्षातून चार-पाच थंड सकाळी अकरापर्यंत चहा पीत थांबणं मला परवडतं.