बारा वर्षांचा सर्वर, नवा पॉवर सप्लाय: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या तालुका ‘ब’ वर्ग वाचनालयात २०१३ साली घेतलेला टॉवर सर्वर आहे. झिऑन ई३ प्रोसेसर, ८ जीबी ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) रॅम, एक-एक टीबीच्या दोन हार्ड डिस्क. त्यावर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि कोहा हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर चालतं. ३१ हजार पुस्तकं, वर्गणीदार, रोजची देवघेव, सगळं त्यातच. गेल्या मे महिन्यात वळवाच्या पावसात रात्री लाइट गेली, यूपीएसची बॅटरी उतरली आणि सकाळी सर्वर उठलाच नाही.

ग्रंथपाल बाईंचा फोन आला, “दादा, बटण दाबलं की पंखा जरासा हिसका मारतो आणि थांबतो. आतून टक-टक आवाज येतोय.” अर्धं निदान त्यांनी तिथेच करून दिलं होतं. रॅम बिघडली तर पंखे सहसा फिरत राहतात आणि बीप वाजतात. पंखा पाव वेढा घेऊन थांबतो तेव्हा एक तर कुठेतरी शॉर्ट असतो, नाहीतर पॉवर सप्लाय, म्हणजे सर्वरच्या भागांना वीज पुरवणारा डबा, दगा देत असतो. आधी डिस्कच्या वायरी काढल्या. संशयित सप्लायवर डेटाच्या डिस्क जोडून प्रयोग करायचे नाहीत, हे मी फार कटाक्षाने पाळतो. मग रॅम आणि कार्डही काढून पाहिलं. फरक पडला नाही.

मीटर लावला. सप्लायच्या जांभळ्या, म्हणजे स्टँडबायच्या वायरीवर बटण न दाबताही ५ व्होल्ट यायला हवेत, ४.७५ ते ५.२५ चालतात. आमच्याकडे काटा ३.६ ते ४.४ मध्ये झुलत होता. हा स्टँडबायचा भाग सर्वर बंद असतानाही चालूच असतो, म्हणजे बारा वर्षं त्याला सुट्टीच नव्हती. त्यातल्या कपॅसिटरमधलं (वीज थोडा वेळ साठवणारा भाग) द्रावण उष्णतेने हळूहळू सुकत जातं. गरम असेपर्यंत तो कसाबसा काम निभावतो. रात्रभर थंड पडला की सुरुवातीचा भार त्याला पेलत नाही. म्हणून असे सर्वर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतात आणि एकदा पूर्ण बंद झाले की अडतात.

इशारे आधी मिळाले होते, हे मला आजही लागतं. मार्चपासून लाइट नुसती लुकलुकली तरी सर्वर रीस्टार्ट व्हायचा. आमचा जुना लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस बॅटरीवर जाताना काही मिलिसेकंदांचा खंड पडतो. धडधाकट सप्लाय तेवढा वेळ आपल्या कपॅसिटरवर काढतो, आमच्याने ते निभत नव्हतं. मी दोष यूपीएसला देत राहिलो.

सुदैवाने या सर्वरला साध्या एटीएक्स, म्हणजे डेस्कटॉपच्या नेहमीच्या मापाचा सप्लाय बसतो. चांगल्या प्रतीचा ४५० वॅटचा बसवला, पंखे फिरले, स्क्रीन आली, आणि खाली ओळ: बूट डिव्हाइस सापडत नाही. इथे बरेच जण डिस्क गेली असं समजून नवं इन्स्टॉलेशन करायला घेतात. कृपया तसं करू नका. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, तारीख बघा. आमची १ जानेवारी २०१२ होती. बोर्डवरचा सीआर२०३२ सेल ३ ऐवजी २.१ व्होल्ट दाखवत होता. तो मेला होता, आणि लाइट गेल्यावर सेटिंग पुसून बूट मोड (सर्वर सुरू होण्याची पद्धत) यूईएफआय या नव्या पद्धतीवरून लेगसी या जुन्या पद्धतीवर गेला होता. डिस्क ठणठणीत होत्या. सेल बदलला, मोड परत लावला, पण तारीख लावायची राहिली. मग उबुंटूने फाइल सिस्टिम तपासताना सांगितलं की शेवटचं माउंट भविष्यकाळात झालंय. तारीख लावल्यावर तेही मिटलं. कोहा उघडलं, आदल्या संध्याकाळची शेवटची देवघेव जागेवर होती. बाईंनी ती स्वतः वहीशी ताडून पाहिली.

त्यानंतर तीन गोष्टी केल्या. १ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस घेतला. त्यात बॅटरीवर जाताना खंड पडत नाही. अर्थिंग तपासलं, न्यूट्रल आणि अर्थमध्ये ११ व्होल्ट निघाले. वायरमनकडून मीठ-कोळसा घालून नवा खड्डा करून घेतला, आता दीड व्होल्टच्या आत आहे. आणि यूपीएसवर लक्ष ठेवणारं नट हे सॉफ्टवेअर लावलं, लाइट गेल्यावर वीस मिनिटांनी ते सर्वर नीट बंद करतं. बायोसमध्ये लाइट आल्यावर आपोआप चालू होणं बंद ठेवलंय, कारण आमच्याकडे लाइट येते, जाते, पुन्हा येते. बाई सकाळी बटण दाबतात.

आख्खा पावसाळा निघाला, एकही रीस्टार्ट नाही. मध्ये सलग ९४ दिवस चालला. वीज साधारण ६० वॅट खातो, महिन्याला ४३ युनिट. तक्रारी दोनच आहेत. ऑनलाइन यूपीएसचा पंखा सतत घोंघावतो, वाचनकक्षात ते खटकतं, म्हणून तो जिन्याखाली हलवावा लागला. आणि या बोर्डला लागणारी ईसीसी डीडीआर३ रॅम जुन्या बाजारातच शोधावी लागते. एक जादा जोडी घेऊन ठेवली आहे.

गेल्या रविवारी दुसऱ्या डिस्कच्या स्मार्ट (डिस्कची स्वतःची तब्येत-नोंद) तपासणीत ८ सेक्टर प्रलंबित, म्हणजे वाचायला अडणारे, दिसले. डेटा दोन्ही डिस्कवर आहे, बॅकअप वेगळा आहे, नवी डिस्क आली आहे. येत्या साप्ताहिक सुट्टीला ती बसवतो.