साताऱ्यातल्या थरारकथेला कोडं कोणतं: मोडी, ब्राह्मी की सिंधू?

जुनं काहीतरी सापडतं, त्यावरचं लिखाण कुणाला लागत नाही, आणि लागलं नाही तर अनर्थ. विज्ञान-थरारकथेचा हा सांगाडा सगळ्यांना पाठ आहे. कथा सातारा, कराड, कोयना या पट्ट्यात घडवायची तर त्या ‘जुनं काहीतरी’च्या जागी तीन गोष्टी बसू शकतात: मोडी कागद, लेण्यातला ब्राह्मी लेख किंवा सिंधू संस्कृतीची मुद्रा. तिन्हींचा मोह पडतो, पण तिन्ही एकाच घड्याळात बसत नाहीत. म्हणून निवड लिपीवरून न करता घड्याळावरून, म्हणजे संकटाआधी हाताशी किती वेळ आहे त्यावरून करावी.

आधी घड्याळ

संकट कोयनेच्या भूकंपाचं धरू, कारण ते आयतं आहे आणि खरं आहे. 11 डिसेंबर 1967, पहाटे 4 वाजून 21 मिनिटं. सुमारे 180 माणसं गेली. 103 मीटर उंचीचं धरण टिकलं, पण वरच्या भागात, जिथे मागच्या अंगाचा उतार बदलतो तिथे, आडव्या भेगा गेल्या. पुढे मागून आधार देऊन ते भक्कम केलं. इथल्या भूकंपांचा संबंध भूकंपशास्त्रज्ञ जलाशयाशी लावतात: पाणी किती वेगाने चढलं, किती चढलं आणि किती काळ त्या पातळीला टिकलं. यातून कथाकाराला एक कडक नियम मिळतो. ‘पूर्वजांनी कोयनेचा भूकंप वर्तवला होता’ हे चालणार नाही, कारण पूर्वजांच्या वेळी जलाशयच नव्हता. जुन्या लेखात भाकीत नको, नोंद हवी: अमुक साली अमुक झऱ्याचं पाणी असं वागलं. कोयना परिसरात बोअरच्या पाण्याची पातळी भूकंपांच्या संदर्भात मोजली जाते, त्यामुळे अशी नोंद आजच्या माहितीशी ताडून बघता येते.

आता वेळ. भूकंपाची पूर्वसूचना हे घड्याळ फार तोकडं आहे. कोयनानगर ते सातारा सरळ रेषेत सुमारे 40 किलोमीटर. पहिली लाट सेकंदाला साधारण 6 किलोमीटर धावते, मागची नासधूस करणारी साडेतीन. म्हणजे दोघींमध्ये पाचेक सेकंद. सांगलीला बाराएक. एवढ्यात नायक चष्माही पुसणार नाही.

पाणी सोडण्याचं घड्याळ मात्र झकास आहे. शिवसागराची, म्हणजे कोयनेच्या जलाशयाची, क्षमता सुमारे 105 टीएमसी. भूगर्भावरचा भार कमी करायला 10 टीएमसी सोडायचं ठरलं आणि विसर्ग 50,000 क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) धरला, तर गणित सरळ आहे: 10 टीएमसी म्हणजे 1,000 कोटी घनफूट, भागिले 50,000, म्हणजे 2 लाख सेकंद. साडेपंचावन्न तास. विसर्ग दुप्पट केला तर वेळ निम्मा होतो, पण मग कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला जोरात भिडते आणि सांगलीत आयर्विन पुलावरचे पाणीपातळीचे आकडे वाचायला गर्दी जमते. पातळी झपाट्याने उतरवणं हाही खडकावरच्या ताणात बदलच, म्हणजे औषधानेच दुखणं वाढण्याची भीती. निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला दोन्हीकडून विस्तव. यापेक्षा चांगला खलनायक शोधायला जाऊ नका.

थोडक्यात, लेख दोन-अडीच दिवसांत लागायला हवा, आणि तो चुकीचा लागण्याचीही शक्यता हवी.

मोडी कागद

साताऱ्यात मोडी ओढून आणावी लागत नाही. छत्रपतींची गादी इथली, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा, तिथलं दप्तर प्रसिद्ध. जुन्या घरातल्या माळ्यावर रुमालात बांधलेले कागद निघाले, एवढं लिहिलं तरी वाचक मान डोलावतो.

लिपीचा स्वभाव थराराला पोषक आहे. लेखक आधी पानभर आडव्या रेघा ओढतो आणि अक्षरं त्या रेघेला लटकवत जातो, बोरू शक्यतो न उचलता. शब्द तोडत नाही, विरामचिन्हं नाहीत. ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, अनुस्वार वाटेल तिथे गाळतात. ‘चिंता’ आणि ‘चिता’ कागदावर सारखेच दिसू शकतात. (‘ध’चा ‘मा’ मात्र आता वापरू नका. वाचक पहिल्या प्रकरणातच ओळखेल.)

पण खरी गंमत तारखेत आहे. नमुन्यादाखल एक ओळ रचू: ‘छ 15 जमादिलावल सन इहिदे समानीन मया व अलफ, विहिरीचे पाणी तळास गेले.’ ‘छ’ म्हणजे चंद्र, त्यापुढे हिजरी महिन्याची तारीख. पुढचे शब्द अरबी आकडे, आणि ते उलटे येतात: इहिदे एक, समानीन ऐंशी, मया शंभर, अलफ हजार. बेरीज 1181. हा सुहूर सन, त्याचं वर्ष मृगाला बदलतं. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. महिना हिजरी, वर्ष सुहूर, अशी ही खिचडी आहे. नीट सोडवली तर उत्तर येतं मे 1781.

आता चूक करू. घाईत असलेला वाचक महिना हिजरी बघून सनही हिजरीच समजतो. हिजरी 1181 मधला जमादिलावल पडतो 1767च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. मे महिन्यात विहीर तळाला गेली तर त्यात नवल काय, साताऱ्यात दर उन्हाळ्यात जाते. पण पावसाळा संपता संपता, भरल्या विहिरींच्या दिवसांत पाणी तळाला गेलं, तर ती भूगर्भाची हालचाल वाटते. एका सनाच्या घोळात साधी उन्हाळी टंचाई धोक्याची घंटा होते, आणि कोयनेचे दरवाजे उघडले जातात. फसली (महसुली सन) समजून 590 मिळवले तर 1771, शक समजून 78 मिळवले तर थेट 1259. चार पात्रांच्या तोंडी चार सालं देता येतात आणि चौघंही शहाणी वाटतात.

खोट्या कागदाचा धागाही हाताशी आहे. अधिकृत पत्र ‘मोर्तब सूद’ने, म्हणजे समाप्तीच्या शिक्क्याने, संपतं. त्याखाली एखादी ओळ दिसली तर ती नंतर कुणीतरी घुसवलेली, असा संशय घ्यायचा. ‘पूर्वेकडील गावे रिकामी करावी’ ही ओळ मोर्तबाच्या खाली असेल, तर कुणाच्या फायद्याची, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

गैरसोय एकच, पण मोठी. मोडी वाचणारे आजही आहेत, पुराभिलेख खातं मोडीचे वर्गही चालवतं. तेव्हा ‘जगात एकटा नायकच हे वाचू शकतो’ असं लिहिलंत तर पुस्तक तिथेच मिटेल. अडथळा लिपीत ठेवू नका. तो हाताच्या वळणात, फाटलेल्या कडेत आणि सनात ठेवा.

ब्राह्मी लेख

कराडजवळ जखीणवाडीच्या डोंगरात आगाशिवची लेणी आहेत, आणि कराडचं जुनं नाव करहाकट थेट मध्य प्रदेशातल्या भारहुत स्तूपाच्या लेखात येतं. म्हणजे जागेला वजन आहे. लिपी मात्र 1837 साली जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने उलगडली. त्याची युक्ती कथेत वापरण्याजोगी आहे: सांचीच्या छोट्या लेखांचा शेवट बहुतेक त्याच दोन अक्षरांनी होतो, असं त्याला दिसलं. भक्तांनी दिलेल्या वस्तूंवर शेवटी ‘दानं’च असणार, या तर्कावर दोन अक्षरं सुटली आणि त्यातून बाकीची.

अडचण मजकुराची. इकडच्या लेण्यांतले लेख बहुतेक दानाचे असतात: अमक्याच्या मुलाने लेणं दिलं, पोढी दिली. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं, आणि तोच तुमचा दुवा. टाक्याच्या काठावर पाण्याच्या पातळीची खूण आणि शेजारी चार शब्द, एवढं कल्पनेने वाढवलं तर चालून जाईल. पानभर इशारा कोरलेला दाखवलात तर चालणार नाही.

वाचनात घोटाळा कसा होतो, हे दगडाकडे बघून कळतं. ब्राह्मीत ‘ठ’ म्हणजे नुसतं वर्तुळ आणि ‘थ’ म्हणजे मध्ये ठिपका असलेलं वर्तुळ. आपला काळा पाषाण मुळातच छिद्राळ. वर्तुळाच्या पोटात निसर्गाचं एखादं छिद्र आलं की ‘ठ’चा ‘थ’ झालाच. अनुस्वाराचंही तेच. म्हणून जाणकार दिवसा उन्हात लेख वाचत नाहीत. रात्री विजेरी भिंतीला जवळपास टेकवून तिरका उजेड टाकतात आणि तो चारही बाजूंनी फिरवतात. छिन्नीची कड सावली वेगळी टाकते, छिद्र वेगळी. रात्रीच्या लेण्यात विजेरी घेतलेली दोन माणसं, हे दृश्य फुकटात मिळतं. ओला कागद कुंच्याने ठोकून, वर शाई थोपटून घेतलेला ठसा जास्त खात्रीचा, पण संरक्षित स्मारकात त्याला परवानगी लागते, आणि तुमचे तास मोजके आहेत.

सिंधू मुद्रा

हिच्यावर पहिली उडी पडते, कारण ती न उलगडलेली आहे. जानेवारी 2025 मध्ये तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी उलगडणाऱ्याला 10 लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं, त्यामुळे लोभी पात्रंही आयती मिळतात. पण बघा: चिन्हं चारशेच्या आसपास, एका लेखात सरासरी पाच, दुभाषी लेख एकही नाही. ही मुळात लिपीच नाही, असाही एक पक्ष आहे. पाच चिन्हांच्या बळावर पंचावन्न तासांत कोणीही काहीही सिद्ध करू शकत नाही. पडताळणी शक्य नसलेलं उत्तर थरारात कुचकामी ठरतं, कारण नायक बरोबर होता हे वाचकाला लेखकाच्या शब्दावरच मानावं लागतं.

शिवाय मुद्रा साताऱ्यात आली कशी? महाराष्ट्रात उत्तर-हडप्पा काळाचं ठळक स्थळ प्रवरेकाठचं दायमाबाद, अहिल्यानगर जिल्ह्यात. तिथून कराडपर्यंत आणायला अर्धं प्रकरण जाईल. हट्टच असेल तर मुद्रा न सुटलेलीच ठेवा. दिशेचा बारकावा तेवढा वापरा: मुद्रेवर कोरलेलं उलटं असतं आणि मातीवर उमटतं ते सुलट. मुद्रेचा फोटो आणि ठशाचा फोटो यांत गल्लत करणारा तोतया तज्ज्ञ दोन वाक्यांत उघडा पडतो.

मग घ्यायचं काय

पहिलीच कादंबरी असेल तर मोडी घ्या, दुसरा विचारही नको. दीर्घकथा असेल आणि पात्रं दोनच, तर आगाशिवचं टाकं पुरे. दोन्ही एकत्र आणायचं असेल तर क्रम असा ठेवा: कागदात टाक्याचा उल्लेख, टाक्यावर खूण, आणि खुणेची पडताळणी बोअरच्या आजच्या आकड्यांशी. कोयना परिसरातल्या गोठण्याला अभ्यासासाठी 3 किलोमीटर खोल भोक पाडलेलं आहे. त्यात साधारण 1,250 मीटरवर काळा पाषाण संपून ग्रॅनाइट-नाइसचा खडक लागतो. शास्त्रज्ञ पात्राला बोलायला एवढं पुरतं. लेख लावणाऱ्या पात्राला मात्र हिजरी आणि सुहूरचा तक्ता समोर ठेवूनच लिहा, आणि पत्रातला महिना कोणत्या ऋतूत पडतो हे आधी स्वतः काढा.