एजंटचं नेटवर्क मोबाइलवर आल्यावर: व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम आणि थोडं लिंक्डइन वापरून आलेला अनुभव

मी पुण्यात कोथरूडमध्ये रिसेल आणि भाड्याच्या घरांचं एजंटचं काम करते. महारेराची, म्हणजे घरांच्या व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी आहे, ऑफिस लहान आहे, मदतीला एक मुलगी आहे. गेलं दीडेक वर्ष व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आणि इन्स्टाग्राम मी रोज, नेमाने, फक्त धंद्यासाठी वापरते आहे. सोशल मीडियावरून ग्राहक कसे मिळवायचे यावर सांगणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते एजंट-एजंटमधल्या संबंधांबद्दल. आमच्या धंद्यात घर एकाकडे असतं आणि पार्टी, म्हणजे घर हवं असलेलं गिऱ्हाईक, दुसऱ्याकडे. ती दोन माणसं एकमेकांना किती लवकर सापडतात आणि सापडल्यावर एकमेकांवर किती विश्वास टाकतात, यावर डील होतं किंवा फिसकटतं.

आधी हे सगळं समोरासमोर चालायचं. संध्याकाळी सातनंतर चहाच्या टपरीवर चार एजंट जमायचे, कुठली बिल्डिंग रिकामी होतेय, कुणाचा मालक घायकुतीला आलाय, हे तिथे कळायचं. रविवारी बिल्डरच्या साइट ऑफिसवर गप्पा, दिवाळीच्या आधी हॉटेलातल्या चॅनल पार्टनर मीट, म्हणजे बिल्डरने एजंटांसाठी ठेवलेल्या बैठका. या जागा बाईमाणसाच्या सोयीच्या नव्हत्या. कुणी मुद्दाम बाहेर ठेवलं असं मी म्हणणार नाही, पण संध्याकाळी सातला घरी मुलं असतात, स्वयंपाक असतो, आणि टपरीवर तासभर उभं राहून गप्पा मारणं जमत नाही. त्यामुळे माझ्यापर्यंत घर यायचं तेव्हा ते तीन ठिकाणी दाखवून झालेलं असायचं. आता तीच बातमी सकाळी सव्वादहाला माझ्या फोनवर येते, इतरांना येते त्याच मिनिटाला. माझ्यासारख्या अनेक जणींसाठी या एका बदलाने धंद्याचा नकाशाच बदलला, आणि याचं मोल मी फार मानते.

आता ग्रुपबद्दल. पुण्यात एजंटांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप किती आहेत याला मोजदाद नाही. एका ग्रुपमध्ये १०२४ जण बसतात आणि बरेच ग्रुप त्या टोकाला पोचलेले असतात. सुरुवातीला मीही सापडेल त्या ग्रुपमध्ये शिरले. तिथे काय होतं ते एका घराच्या उदाहरणाने सांगते. सकाळी एका ग्रुपवर मेसेज आला: '२ बीएचके, करिश्मा चौकाजवळ, तिसरा मजला, लिफ्ट नाही, भाडं २८, फॅमिली, डायरेक्ट.' दुपारी दुसऱ्या ग्रुपवर: '२ बीएचके, कोथरूड प्राइम लोकेशन, भाडं ३०, थोडं कमी होईल, डायरेक्ट.' तिसरा मजला गेला, लिफ्ट नाही हे गेलं. संध्याकाळी तिसऱ्या ग्रुपवर तेच फोटो, भाडं ३२ आणि शेवटी 'बॅचलर चालतील'. घर एकच. मधल्या प्रत्येकाने मूळ एजंटचं नाव काढलं, खुणेची जागा काढली आणि आपला नंबर टाकला. डायरेक्ट, म्हणजे मालकाशी थेट संबंध, हा शब्द मात्र कुणी काढला नाही.

याचा त्रास पार्टी घेऊन जाताना होतो. मी ज्याला फोन करते तो म्हणतो, 'ताई, पाच मिनिटांत सांगतो'. तो पुढच्याला विचारतो, पुढचा त्याच्या पुढच्याला. गुडघेदुखी असलेल्या काकूंना तिसऱ्या मजल्यावर चढवल्यावर कळतं की घर परवाच गेलंय. आणि नसेल गेलं तर ब्रोकरेजचा घोळ. साइड बाय साइड म्हणजे ज्याची पार्टी त्याचं ब्रोकरेज, हा आमचा जुना, साधा, स्वच्छ नियम. मालक ज्याचा तो मालकाकडून घेईल, भाडेकरू ज्याचा तो भाडेकरूकडून. मध्ये तीन माणसं आली की एका महिन्याच्या भाड्याएवढ्या ब्रोकरेजचे तुकडे पडतात आणि तुकड्यांवरून भांडणं. मोठ्या ग्रुपने माझ्या ओळखी वाढवल्या हे खरं, पण त्यातून झालेलं काम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं.

काम झालं ते छोट्या ग्रुपमुळे. मोठ्या ग्रुपमध्ये वावरताना काही माणसं लक्षात येतात. घर गेलं की स्वतःहून 'गेलं' असं टाकणारी, भाडं बदललं की जुना मेसेज पुसणारी, फोन उचलणारी. अशांना निवडून आम्ही एक बंदिस्त ग्रुप केला. कोथरूड, कर्वेनगर, वारजे, एरंडवणे, एवढाच भाग. नियम मोजके. घर ज्याने स्वतः पाहिलंय त्यानेच टाकायचं. मजला, लिफ्ट, पार्किंग आणि कार्पेट एरिया लिहायचाच. चावी कुणाकडे आहे ते लिहायचं. ब्रोकरेज साइड बाय साइड आहे की वाटून, हे घर दाखवण्याआधी चॅटवर ठरवायचं. आणि दुसऱ्याच्या मालकाला परस्पर फोन करायचा नाही. एकाने तो केला, त्याला त्याच दिवशी काढलं. बाहेरून कडक वाटेल, पण त्या दिवसानंतर लोक मालकाची खरी माहिती मोकळेपणाने टाकू लागले.

चावीचा नियम का, तर भाड्याच्या कामात वेळ जातो तो चावीपायी. मालक अमेरिकेत, चावी शेजारच्या काकांकडे, काका दुपारी एक ते चार झोपतात. हे आधी माहीत असलं तर पार्टीला ताटकळत ठेवावं लागत नाही. ज्या एजंटकडे चावी आहे तो खरोखर मालकाच्या विश्वासातला आहे, हेही त्यातून कळतं.

या ग्रुपची खरी कसोटी रीडेव्हलपमेंटमध्ये लागली. कोथरूडमध्ये जुन्या सोसायट्या एकामागून एक पाडायला निघाल्यात. सोसायटी रिकामी करायची तारीख ठरते आणि सगळ्या कुटुंबांना एकाच वेळी घर हवं असतं, तेही त्याच भागात. बिल्डर भाडं देतो, सामान हलवण्याचा खर्च देतो, बहुतेक वेळा ब्रोकरेजही देतो, पण घर शोधायचं ज्याचं त्याने. त्यात ज्येष्ठ मंडळी जास्त. कुणाला लिफ्ट हवी, कुणाला डॉक्टर चालत जाण्याइतका जवळ हवा, कुणाला नातवाची शाळेची बस थांबते तीच गल्ली हवी. मालकांना भीती की ही माणसं दोन-तीन वर्षं राहणार, मग हलतील का. अशा एका सोसायटीचं काम माझ्याकडे आलं तेव्हा एकटीने ते उरकलंच नसतं. प्रत्येक कुटुंबाची गरज दोन ओळींत ग्रुपवर टाकली. नाव नाही, फ्लॅट नंबर नाही, फक्त काय हवंय ते. तासाभरात वारज्यातल्या एका दादांचा फोन: 'ताई, तळमजला आहे, कमोड आहे, बाहेर बाक आहे. तुमच्या त्या आजोबांना बघा.' मेसेजमध्ये मी बाकाबद्दल काही लिहिलं नव्हतं. आजोबांना चालायला त्रास होतो एवढंच लिहिलं होतं, आणि त्यांनी बाकाचा विचार स्वतःहून केला. बहुतेक कुटुंबं याच ग्रुपमधल्या घरांत गेली. टपरीच्या काळात हे इतक्या वेगाने झालंच नसतं.

इन्स्टाग्रामचा अनुभव वेगळा. २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि लगोलग रील्स सुरू झाली, तेव्हापासून घर फिरून दाखवणाऱ्या व्हिडिओंचा पूर आहे. दार उघडतं, ड्रोन उडतो, मागे गाणं. मीही सुरुवात तशाच व्हिडिओंनी केली, बघणारे मिळाले, फोनही आले, पण ते बहुतेक नुसते भाव विचारणारे. मग मी माहितीची रील्स मराठीत करायला घेतली. इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा, कसा वाचायचा. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव चढलं नसेल तर विक्रीआधी काय करायचं. स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच तसा निकाल दिलाय. फ्लॅट स्त्रीच्या नावावर घेतला तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. यांना बघणारे कमी, पण शेवटपर्यंत बघणारे, आणि त्यांत एजंट बरेच. इतर शहरांतले एजंट माझ्याशी जोडले गेले ते या रील्समुळे. नाशिकच्या एका ताईंनी मेसेज करून विचारलं, 'आमच्या क्लायंटच्या मुलीची बदली पुण्यात झालीये, तुम्ही बघाल का?' आधी आम्ही कधी बोललोही नव्हतो. माझं बोलणं त्यांनी कित्येक आठवडे ऐकलं होतं, तेवढ्यावर त्यांनी आपला क्लायंट सोपवला. काम झालं, त्यांचा वाटा त्यांना गेला, आणि आता माझ्याकडचं नाशिकचं काम त्यांच्याकडे जातं. सोशल मीडियाने जे नवं दिलं त्यात मी याला सर्वांत वर ठेवते: गावाबाहेरचा, आपल्या शब्दाला जागणारा एजंट.

याच ठिकाणी रेराबद्दल कळकळीने सांगायचंय. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता कायदा, लागू आहे, एजंटची नोंदणी सक्तीची आहे, आणि २०२३ पासून महारेराने एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा देणंही बंधनकारक केलं. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांकासोबत क्यूआर कोड लागतो. कायद्यात जाहिरातीची व्याख्या कोणत्याही माध्यमाला लागू आहे, म्हणजे स्टेटस आणि रीलही आलं. तरी ग्रुपवर रोज मेसेज येतात: 'प्री-लाँच, ईओआय सुरू, रेरा येतोय, आजच टोकन.' म्हणजे नोंदणी व्हायच्या आधीच, घर घ्यायची इच्छा कळवा आणि आगाऊ रक्कम भरा. नोंदणी नसलेल्या प्रकल्पाची जाहिरातही करता येत नाही आणि बुकिंगही घेता येत नाही. एजंटने अशा प्रकल्पात विक्रीला हातभार लावायचा नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. असे मेसेज मी पुढे पाठवत नाही, आणि आमच्या छोट्या ग्रुपमध्ये त्यांना जागा नाही. ओळखीपोटी फॉरवर्ड केलं असं म्हणणारे पुष्कळ असतात. पण ज्या कुटुंबाचे पैसे दोन-दोन वर्षं अडकतात त्याला ते ओळखीतून आलं की जाहिरातीतून, याने काय फरक पडतो? इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये माझा नोंदणी क्रमांक आहे. अनोळखी एजंटने भागीदारीचा मेसेज केला की मी आधी त्याचा क्रमांक मागते आणि महारेराच्या वेबसाइटवर तपासते. खरा माणूस याचा राग मानत नाही.

लिंक्डइनचं थोडक्यात. तिथे मला गिऱ्हाईक मिळालं नाही आणि एजंटही फारसे भेटले नाहीत. पण एक चांगली सीए आणि गृहकर्जाचं काम बघणारे एक बँकवाले मिळाले. मालक परदेशात असेल तेव्हा सीएची गरज फार लागते. निवासी विक्रेत्याला ५० लाखांपासून पुढे एक टक्का टीडीएस एवढंच बऱ्याच खरेदीदारांना ठाऊक असतं, अनिवासी विक्रेत्याला तो दर लागू नसतो आणि कापायची रक्कम बरीच मोठी असते. हे टोकन घेण्याआधी कळलं तर व्यवहार शांतपणे होतो.

फेसबुकवरचे फ्लॅटमेटचे ग्रुप मी सोडले. मालक असल्याचं भासवणारे एजंट आणि फौजी अधिकारी असल्याचं सांगून 'डिपॉझिट पाठवतो, क्यूआर स्कॅन करा' म्हणणारे भामटे, यांतून खरा माणूस निवडायला वेळ नाही. पैसे घ्यायला कधीच क्यूआर स्कॅन करून पिन टाकावा लागत नाही, हे आमच्याकडच्या प्रत्येक मालकाला आम्ही सांगून ठेवलंय. पैसे देऊन लीड, म्हणजे संभाव्य ग्राहकांचे नंबर, घेण्याचाही प्रयोग केला. एका एजन्सीने महिनाभर नंबर पाठवले, त्यातले बरेच आधीच चार एजंटांना विकलेले होते. ते पुन्हा करणार नाही.

सुरक्षिततेबद्दल बायकांनी जास्त बोलायला हवं. नंबर सगळीकडे असतो, रात्री अकराला 'हाय डिअर' येतं, आणि इन्स्टावरून आलेल्या अनोळखी माणसाबरोबर रिकाम्या फ्लॅटमध्ये जायची वेळ येते. आमची पद्धत अशी: साइट व्हिजिटच्या आधी पूर्ण नाव, कंपनी आणि ओळखपत्राचा फोटो. तो देत नसेल तर व्हिजिट नाही. निघताना व्हॉट्सअ‍ॅपवर एक तासाचं लाइव्ह लोकेशन आमच्या चौघी जणींच्या वेगळ्या ग्रुपवर. तास संपल्यावर मेसेज आला नाही तर फोन जातो, फोन उचलला नाही तर जी जवळ आहे ती निघते. दार उघडं ठेवायचं आणि वॉचमनला सांगून वर जायचं. नव्याने या धंद्यात येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी आधी हे शिकवते, व्हॉट्सअ‍ॅपवर घरांचा कॅटलॉग करणं नंतर.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमधल्या सोयींपैकी लेबल मला सर्वांत उपयोगी पडलं. मालक, भाडेकरू, खरेदीदार, एजंट, करार नूतनीकरण, असे गट केले की अकरा महिन्यांचा करार संपायच्या आधी कुणाला फोन करायचा ते समोर दिसतं. ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय, मात्र जपून वापरावी. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. सरसकट मारा केला की लोक रिपोर्ट करतात आणि नंबर बंद होऊ शकतो. ज्या नंबरवर सगळे मालक आहेत तो नंबर बंद पडणं एजंटला परवडत नाही. म्हणून घरचा आणि धंद्याचा नंबर वेगळा, आणि बॅकअप रोज.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये अजून एक मोठी अडचण आहे. ग्रुपवर टाकलेलं घर दोन दिवसांत वर सरकून जातं आणि शोधलं तर जुनं-नवं एकत्र येतं. यावर आम्ही ग्रुपमधल्यांसाठी एक सामायिक गुगल शीट केली आहे. दर सोमवारी सकाळी प्रत्येकाने आपली घरं तपासायची आणि गेलेली खोडायची. पहिला रकाना चावी कुणाकडे याचा. तो रिकामा असेल तर ते घर त्या आठवड्यात कुणी दाखवत नाही.