फ्लॅट शोधायला सोबत कोण: चॅनेल पार्टनर की आपल्या भागातला एजंट?

पुण्यात फ्लॅट शोधायला निघालं की मदतीला दोन प्रकारची माणसं भेटतात. चॅनेल पार्टनर नव्या प्रकल्पांतले फ्लॅट दाखवतो आणि त्याचे पैसे बिल्डर देतो. इस्टेट एजंट वर्षानुवर्षं त्याच भागात बसलेला असतो, मुख्यतः रिसेलची कामं करतो आणि दलाली आपल्याकडून घेतो. आम्ही दोघांसोबतही फिरलो आणि शेवटी एजंटमार्फत कर्वेनगरात रिसेल फ्लॅट घेतला. तुमची गरज वेगळी असू शकते, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

चॅनेल पार्टनरची सोय मोठी आहे, हे आधी सांगायला हवं. वाकड, रावेत, हिंजवडी अशा भागांत कुठला टॉवर कुठे उभा राहतोय, कुणाचा ताबा कधी आहे, हे त्याला तोंडपाठ असतं. तो गाडी पाठवतो, एका दिवसात चार साइट दाखवतो, बँकेच्या माणसाशी गाठ घालून देतो. कायद्याच्या बाजूनेही इथे आधार बरा आहे. कायद्याच्या भाषेत चॅनेल पार्टनरही एजंटच. महारेराकडे, म्हणजे रेरा या घरखरेदीच्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी असलेल्या एजंटाचा क्रमांक इंग्रजी ए अक्षराने सुरू होतो आणि तो महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येतो. 2023 पासून या एजंटांना परीक्षा देऊन प्रमाणपत्रही घ्यावं लागतं. शिवाय करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हा रेरा कायदा पाठीशी असतो. ज्याला नवंच घर हवंय, किंवा जो पुण्याबाहेर राहून शोधतोय, त्याला हा मार्ग सोपा पडेल.

मग आमचं मन तिथून का उडालं? मोबाइल नंबरामुळे.

साइटवर गेलं की सेल्स ऑफिसमध्ये फॉर्म भरून घेतात: नाव, नंबर, कुणाकडून आलात. एकदा त्या नंबरासमोर चॅनेल पार्टनरचं नाव लागलं की बिल्डरने ठरवलेल्या मुदतीपर्यंत तुम्ही त्याचे ग्राहक. इथवर समजण्यासारखं आहे, कारण त्याने कष्ट घेतलेले असतात. पण आमचा नंबर अशा प्रकल्पांतही आधीच नोंदवलेला निघाला, जिथे आम्ही पाऊलही टाकलं नव्हतं आणि ज्यांचा विषयही निघाला नव्हता. एका ठिकाणी आमचे नातेवाईक राहतात. तिथे जुन्या रहिवाशाच्या ओळखीने येणाऱ्याला सवलत होती, म्हणून त्यांच्यासोबत गेलो. काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला, स्क्रीन बघितली आणि म्हणाली, "सर, तुमचं नाव आधीच दुसऱ्यांकडून आलंय, आता रेफरन्सची सवलत लागणार नाही." फ्लॅट तोच, बिल्डर तोच, पण थेट बोलायचं दार बंद. वर फोनचा मारा, तोही ऐन ऑफिसच्या वेळेत. सगळेच चॅनेल पार्टनर असं करतात असं मी म्हणणार नाही. पण त्यांचे पैसे बिल्डरकडून येतात आणि तुमचा नंबर हीच त्यांची पावती असते, त्यामुळे हा मोह राहणारच.

एजंटाचा खर्च मात्र डोळ्यांत भरतो. आम्ही एक टक्क्यावर ठरवलं, काहीजण दोन मागतात. 80 लाखांच्या फ्लॅटवर एक टक्का म्हणजे 80 हजार आणि एजंटाची जीएसटी नोंदणी असेल तर त्यावर 18 टक्के. पुण्यात 7 टक्के मुद्रांक शुल्क (घर बाईच्या नावावर असेल तर 6) आणि 30 हजार नोंदणी फी भरताना ही रक्कम जड वाटते. बहुतेकदा तो विकणाऱ्याकडूनही दलाली घेतो, म्हणजे तो पूर्णपणे तुमचाच असतो असंही नाही. आणि रेराची नोंदणी सक्तीची आहे ती नोंदणीकृत प्रकल्पांसाठी. जुन्या सोसायटीतला फ्लॅट दाखवणाऱ्यावर कायद्याची तेवढी पकड नाही.

तरीही माझं मत तिकडेच झुकतं, ते एका फ्लॅटमुळे. तिसरा मजला, भरपूर उजेड, भाव आमच्या बजेटात. आम्ही टोकन द्यायला तयार होतो. एजंटानेच थांबवलं: "वडील वारलेत, फ्लॅट दोन भाऊ विकतायत, पण बहिणीचं हक्कसोडपत्र अजून झालेलं नाही. ते झाल्याशिवाय एक रुपया देऊ नका." व्यवहार मोडला तर त्याचीच दलाली जाणार होती. कुठल्या इमारतीत उन्हाळ्यात टँकर येतो, कुठल्या सोसायटीचं कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) अडकलंय, कुठे पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत, हेही तो न विचारता सांगायचा. त्याच गल्लीत उद्याही धंदा करायचा असल्याने त्याला शब्द जपावा लागतो, असं मला वाटतं.

कुणाचीही मदत घेतलीत तरी वकील आपला आपण शोधा, एजंटाने सुचवलेला नको. 30 वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध), भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायची परवानगी), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि कर्जाचा बोजा एवढं वकिलाने स्वतः बघितलं पाहिजे. इंडेक्स दोन (नोंदवलेल्या व्यवहाराचा उतारा) तर नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर तुम्हीही घरबसल्या बघू शकता.

आणि दलाली किती, कधी, हे पहिला फ्लॅट बघायच्या आधी व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या. आम्ही अर्धी नोंदणीच्या दिवशी आणि अर्धी ताबा मिळाल्यावर दिली. तो लगेच तयार झाला. जो एजंट सगळी रक्कम टोकनच्या वेळीच मागेल, त्याच्याऐवजी त्याच भागातला दुसरा बघा.