पीटर टॉर्कसाठी काय लावायचं? 'हेडक्वार्टर्स'!

फेब्रुवारी महिना 'मंकीज' या साठच्या दशकातल्या अमेरिकी बँडच्या आम्हा चाहत्यांना जड जातो. २०१२ मध्ये २९ फेब्रुवारीला डेव्ही जोन्स गेला आणि २०१९ मध्ये २१ फेब्रुवारीला पीटर टॉर्क. डेव्हीच्या स्मृतिदिनी काय लावायचं हा प्रश्नच नसतो. त्याच्या आवाजातलं कुठलंही गाजलेलं गाणं लावा, तो समोर उभा राहतो. पीटरचं तसं नाही. बहुतेक जण सवयीनं हिट गाण्यांचा संग्रह काढतात, आणि मला दरवर्षी वाटतं की अरे, यात पीटर आहे कुठे? म्हणून हे परीक्षण मे १९६७ मध्ये आलेल्या 'हेडक्वार्टर्स' या अल्बमचं.

नवख्यांसाठी थोडक्यात. १९६५ मध्ये हॉलिवूडच्या एका व्यवसायपत्रात जाहिरात आली की नव्या टीव्ही मालिकेसाठी १७ ते २१ वयाची चार वेडी पोरं हवीत. चारशेच्या वर अर्ज आले. निवडले गेले डेव्ही, पीटर, मिकी डोलेन्झ आणि माइक नेस्मिथ. मालिकेतला हा बँड म्हणजेच मंकीज. पीटरचं नाव सुचवलं गायक-गिटारवादक स्टीफन स्टिल्सनं. मालिका सप्टेंबर १९६६ मध्ये एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि गाणी तुफान चालली. फक्त बहुतेक गाण्यांत वाजवणारे हात भलत्यांचेच होते. गाणी निवडायची, वादक बोलवायचे, सगळं संगीत-प्रमुख डॉन कर्शनरच्या मर्जीनं. या चौघांनी यायचं, गायचं आणि जायचं. पीटर पहिल्या सिंगलच्या (दोन बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्डच्या) वेळी गिटार घेऊन स्टुडिओत गेला, तर तिथल्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की हा बावळट गिटार कशाला घेऊन आलाय. हे त्यानंच नंतर मुलाखतीत सांगितलं होतं.

गंमत अशी की चौघांत सगळ्यात जास्त वाद्यं यालाच येत होती. पियानो, बास, गिटार, बँजो, शाळेत असताना फ्रेंच हॉर्नसुद्धा. वडील अर्थशास्त्राचे प्राध्यापक, पोरगा न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमध्ये कॉफीहाउसांतून लोकगीतं वाजवणारा. आणि मालिकेत भूमिका कोणती दिली, तर मठ्ठाची! लोकांना पडद्यावरचा तो भोळा चेहराच खरा वाटला.

१९६७ च्या सुरुवातीला नेस्मिथनं भांडण टोकाला नेलं, कर्शनरला काढलं गेलं आणि चौघं हॉलिवूडच्या आरसीए स्टुडिओत स्वतःची वाद्यं घेऊन बसले. त्यातून हा अल्बम निघाला. निर्माता चिप डग्लस. बराचसा बास त्यानंच वाजवलाय, कारण पीटर पियानो-ऑर्गनवर अडकलेला. बाहेरचे दोन-चार वादक होते, आणि ते आमच्या सांगण्यानुसार वाजवत होते, असं कव्हरवर सरळ छापलंय. ही प्रामाणिकता मला फार आवडते. पहिल्या दोन अल्बमच्या वेळी एवढं कुणी सांगितलं असतं तर 'नकली बँड' हा शिक्का इतका घट्ट बसला नसता.

आता पीटर कुठे सापडतो ते बघा. पहिल्याच 'यू टोल्ड मी'मध्ये नेस्मिथच्या गिटारला बिलगून जो बँजो धावतो, तो पीटरचा. रॉक गाण्यात बँजो घालायची कल्पना त्या काळी फारशी कुणाला सुचत नव्हती, आणि इथे तो उपरा वाटत नाही. 'यू जस्ट मे बी द वन'मध्ये बास त्याचा. हेडफोन लावा आणि एकदा फक्त बासच ऐका. गाण्याला खरी उडी त्यानंच दिलीय.

पण माझ्या दृष्टीनं अल्बमचा गाभा 'शेड्स ऑफ ग्रे'. पियानोवर पीटर, मागे नेस्मिथची पेडल स्टील गिटार, मध्ये चेलो आणि फ्रेंच हॉर्न. कडवी डेव्ही आणि पीटर वाटून गातात. डेव्हीचा आवाज रंगभूमीवर घडलेला, गुळगुळीत, प्रत्येक शब्द जागच्या जागी. त्यानंतर पीटर येतो. जरा कोरडा, जरा कापरा, सूर पकडताना किंचित धडपडणारा. लहानपणी बरं-वाईट स्वच्छ कळायचं, आता सगळं सरमिसळ झालंय, असा गाण्याचा आशय, आणि तो पीटरच्या तोंडून जास्त पटतो. दोघंही आता नाहीत, त्यामुळे आमच्यातले बरेच जण हे गाणं फेब्रुवारीत टाळतात. मी नाही टाळत.

'फॉर पीट्स सेक' पीटरनं एका साथीदाराबरोबर लिहिलेलं, पुढे मालिकेच्या दुसऱ्या पर्वात शेवटी हेच वाजायचं. गायला मात्र मिकी! बिचाऱ्याचं नशीबच तसलं. 'झिल्च' म्हणजे चौघांनी चार निरर्थक वाक्यं एकावर एक रचत नेलेला चावटपणा. त्यातलं 'मिस्टर बॉब डोबालिना' म्हणणारा पीटर. १९९१ मध्ये डेल द फंकी होमोसेपियन या रॅपरनं त्यावर अख्खं गाणं उभं केलं.

दोष आहेतच. मिकी मुळात ड्रमर नव्हे, मालिकेसाठी शिकलेला, आणि ते ऐकू येतं. 'नो टाइम'मध्ये तर सगळे एकमेकांच्या पुढे पळतात. 'मिस्टर वेब्स्टर' मला कधीच भिडलं नाही. अमेरिकेत यातलं एकही गाणं सिंगल म्हणून काढलं नाही, तरी अल्बम एक आठवडा पहिल्या क्रमांकावर होता. मग बीटल्सचा 'सार्जंट पेपर' आला आणि 'हेडक्वार्टर्स'नं पुढचे अकरा आठवडे दुसऱ्या क्रमांकावर काढले. दोघांची तुलना करण्यात अर्थ नाही. तिकडे मुरलेले लोक होते, इकडे नुकतीच हाती सूत्रं आलेली पोरं. तो उत्साहच इथे ऐकायचा.

कुठली आवृत्ती घ्यावी? ऱ्हायनो या रेकॉर्ड कंपनीनं नंतर काढलेल्या, जादा गाणी जोडलेल्या आवृत्त्यांपैकी एक घ्या. कारण एकच, 'द गर्ल आय न्यू समव्हेअर'. मूळ अल्बममध्ये हे नाही, ते एका सिंगलच्या मागच्या बाजूला गेलं होतं. त्यात मध्येच पीटरचा हार्पसिकॉर्ड (पियानोसारखं जुनं वाद्य) येतो, लहानसा, नेटका, अजिबात मिरवत नाही. २०२२ मध्ये चार सीडींचा मोठा संच आला. त्यात रेकॉर्डिंगचे कच्चे तुकडे भरपूर आहेत, पण तो आमच्यासारख्या वेड्यांसाठी. पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं त्यात पैसे घालू नयेत, चौथ्या सीडीपर्यंत कंटाळा येईल.

आणि ज्यांना फेब्रुवारीत 'डेड्रीम बिलिव्हर'च लावायचं असेल त्यांनी खुशाल लावावं, ते या अल्बमवर नाही एवढंच. गाणारा डेव्ही असला तरी सुरुवातीचा तो पियानो पीटरचा आहे.