काळं रक्त दाखवून आईच्या पायाचे २१,५०० रुपये नेले

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. आईच्या डाव्या पोटरीवर कितीक वर्षांपासून नसा फुगून दोरीसारख्या वळलेल्या, दिवसभर निंदण करून आली का पाय जड, घोट्याजवळ सूज, रात्री गोळे. आम्ही म्हणायचो काम जास्त होते, वय झालं. डॉक्टरले कधी दाखवलंच नाही.

दिवाळीनंतर बाजाराच्या दिवशी बसस्टँडवर एक माणूस आईजवळ येऊन बसला, "मावशी, माझ्या मायचाही पाय असाच होता, एका वैद्यानं बरा केला, आता वावरात जाते." नंबरही त्यानंच दिला. तो त्याच टोळीतला असन हे आता समजते. दोन दिवसांनी वैद्य घरी हजर, बोलणं एकदम गोड. म्हणे नसेत खराब रक्त साचलं, ते काढलं का पाय मोकळा, एका तुंबडीचे, म्हणजे नळीनं एकदा रक्त ओढायचे, ५०० रुपये. किती तुंबड्या लागतीन हे आम्ही विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. आम्हाले वाटलं चार-पाच. ब्लेडनं चिरा मारे, नळीनं ओढे, वाटीत टाके आन् मोठ्यानं मोजे. काळपट रक्त पाहून आईच म्हणाली, पहा किती घाण होती. मोजता मोजता ४३ झाल्या! अर्धवट सोडलं तर जहर वर चढन म्हणे. घरात कापसाचा चुकारा होता तो काढून दिला.

पंधरा दिवसात घोट्याच्या आतल्या बाजूची चीर चिघळली, जखम मोठी होत गेली, पाणी गळे. त्याचा फोन बंद.

मग नागपूरले मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. तिथं आईले उभं करून पायाची कलर डॉपलर सोनोग्राफी केली, नसेत रक्त कोणीकडे वाहते ते त्यात दिसते. डॉक्टर मॅडमनं जे सांगितलं ते ऐकून मी तिथंच बसलो. नसेतलं रक्त सगळ्यांचंच काळपट असते, त्यातला ऑक्सिजन शरीरानं वापरलेला असते, तपासणीसाठी हातातून काढतात तेही तसंच दिसते. त्यानं तेच दाखवून आम्हाले लुटलं. बिमारी रक्तात नाहीच, नसेतल्या झडपांमध्ये आहे. पायातलं रक्त वर हृदयाकडे जायले बारीक झडपा असतात, त्या सैल झाल्या का रक्त खाली घसरते आन् नस फुगते. ४३ काय, शंभर तुंबड्या ओढल्या तरी झडप काही दुरुस्त होत नाही.

आईची मांडीतून येणारी मोठी नस खराब होती, ती लेझरनं आतून बंद केली, आई त्याच दिवशी चालली. काही जणांची रेडिओफ्रिक्वेन्सीनं, म्हणजे रेडिओ लहरींच्या उष्णतेनं, करतात, काहींचं ऑपरेशन, लहान नसांमध्ये फेसाचं इंजेक्शन देतात. कोळ्याच्या जाळ्यासारख्या निळ्या-लाल बारीक नसा असतीन तर बहुतेक वेळा धोका नसते, त्याच्यासाठी तर कोणाले पैसे देऊच नका. या बिमारीत पायाले घालतात ते टाइट मोजे मात्र डॉक्टरले विचारूनच घ्या, पायाले रक्त नेणाऱ्या धमन्या कमजोर असल्या तर त्यानं नुकसान होते. आन् फुगलेली नस फुटून रक्त लागलं तर माणसाले आडवं करा, पाय उंच धरा, स्वच्छ कपड्यानं दाबून ठेवा आन् दवाखान्यात न्या. सरकारी योजनेत बसते का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राले विचारा, घरी आलेल्याले नाही.

जखम भरायले तीन महिने लागले, पट्ट्या बांधून, पाय उशीवर ठेवून. आता आई सकाळी खाटेवरून उतरायच्या आधी मोजा चढवते. परवा बाजूच्या गावातून एका पोराचा फोन आला, त्याच्या आजीलेही बसस्टँडवर कोणीतरी असाच नंबर दिला म्हणे. मी त्याले ४३ चा आकडा सांगितला आन् आईच्या घोट्याचा फोटो पाठवला.